जवळच्याला आधी थांबवायचं

कुरुदकडल्या एका छोट्या रोलिंग मिलची कंट्रोल रूम मी सांभाळते. आमच्या प्रत्येक कामगाराच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढं एक यंत्र असतं. ते आजूबाजूचा भट्टीचा विषारी गॅस मोजतं आणि माणूस कुठे आहे ते माझ्या पडद्यावर ठिपक्याने दाखवतं. माणूस हलायचा थांबला की ठिपका लाल होतो.

हे शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आले होते. ही विद्या मुळात सैनिकांसाठीची, टेकडीपलीकडे आपला माणूस कुठे आहे हे बाकीच्यांना कळावं म्हणून केलेली, असं त्यांनी सांगितलं. तिकडे ठिपका थांबला की सगळ्यात जवळचा धावतो. इथे उलट. आमच्या गॅसला ना रंग, ना वास. वाचवायला गेलेला दुसरा माणूस पहिल्याच्या अंगावरच पडतो. म्हणून जवळच्याला आधी थांबवायचं आणि मास्कवाल्यांना पाठवायचं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. ऐकतानाच माझे कान तापले होते.

कारण माझे बाबा असेच दारात उभे राहिले होते. मी तेव्हा अकरा वर्षांची. ते दुसऱ्या एका कारखान्यात होते, तो आता बंद पडलाय. शेजारचे काका, बाबांचे जिवलग, गॅसच्या खोलीत पडले, आणि बाबा दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. कोणाला आत जाऊ दिलं नाही, स्वतःही गेले नाहीत. मास्क यायला उशीर झाला. काका गेले.

काकूंनी त्यानंतर आमच्या दाराकडे पाहिलं नाही. गल्लीतले लोक बाबांच्या तोंडावर काही म्हणाले नाहीत, मागून सगळं म्हणाले. मीही काही कमी केलं नाही. शाळेत कोणी टोचून बोललं की राग बाबांवर काढायचा, त्यांच्या ताटाशेजारी बसायचं नाही. भित्रा बाप, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल. आज त्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या पाळीत, गॅसच्या पाइपाजवळचा एक ठिपका लाल झाला. आधी वाटलं, यंत्र खुंटीला लटकवून चहाला गेला असेल. आमच्याकडे हे चालतं, आणि त्यावरून मी रोज कोणाला तरी फैलावर घेते. पण यंत्र गॅसही दाखवत होतं. मी मास्कवाल्यांना निघायला सांगितलं, तोवर एक जवळचा ठिपका लाल ठिपक्याकडे सरकू लागला. तो पडलेल्याचा धाकटा भाऊ होता. मी रेडिओ उचलला.

"थांब भाऊ. आत जाऊ नको."

"ताई, माहा भाऊ हाय आत."

"मालूम हाय मले. तरी थांब."

तो थांबला. मास्कवाले दोघं शेडच्या दुसऱ्या टोकाहून पळत येत होते, पण पडद्यावर ते ठिपके हलतच नाहीत असं वाटत होतं. तेवढा वेळ धाकटा रेडिओवर रडत होता. मी रेडिओ बंद केला नाही. ऐकत राहिले, आणि मधून मधून थांब म्हणत राहिले.

मोठा वाचला. पण मी दवाखान्यात भेटायला गेले, तर धाकटा उठून बाहेर निघून गेला. वाईट वाटलं. त्याला दोष मात्र देता येईना, मी स्वतःच्या बापाशी काय वेगळं वागले होते?

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. मी सगळं सांगितलं. तुम्ही बरोबर होता, मलाच कळायला फार उशीर झाला, हेही सांगितलं. त्यांनी पाइप बादलीत सोडला.

"तवा तो जित्ता होता," ते म्हणाले. "माह्यं नाव घेऊन हाका मारून राहिला होता."

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, काकूंना नाही, आईलाही नाही.

"तुह्यावाला वाचला ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग तुले झोप येईन," म्हणाले, आणि पाइप पुन्हा कूलरमध्ये धरला.