मिरजेची पिशवी

पलंगावर अर्धी भरलेली पिशवी आहे आणि मी तिच्याकडे बघत बसले आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं मिरजेला जायचं, रविवारी संध्याकाळी परत. दोन साड्या, गुडघ्याचा पट्टा, चालायचे बूट. बस्स.

चाळीस वर्षं मी मिरजेला जाते आहे, पण मिरज पाहिलेली नाही. स्टेशनवरून रिक्षा, रिक्षातून नणंदेचं घर, लग्न नाहीतर बारसं, आणि परत रिक्षा. सतारी बनवणाऱ्यांची गल्ली नुसती ऐकून माहीत.

मुलगा म्हणाला, "आई, आत्या तिथे असताना लॉजवर राहणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी चालायला निघालेय, पाहुणचाराला नाही."

आपल्याकडे बाईनं परगावी जायचं ते कुणाकडे तरी. नुसतं रस्त्यांकडे जाते म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पण मी जाणार. सतारीची तार जुळवताना कुणी दिसलं तर दारात उभी राहून ऐकणार. पाय दुखले तर कुठल्याही पायरीवर बसणार. नणंदेला फोन करीन, पण परत आल्यावर.

पिशवी उचलून पाहिली, तर दोन साड्यांच्या मानानं फारच जड. तळाशी बाकरवडीचा पुडा होता, दर वेळी नणंदेसाठी नेते तसाच. कधी आणला, कधी ठेवला, माझं मलाच कळलं नव्हतं.

पुडा बाहेर काढला, कात्रीनं फोडला आणि पलंगावर पाय पसरून खायला बसले.