तिसरा टेक

कुळगावच्या बाजारात ती ताडगोळे विकते. नाव मी कधी विचारलं नाही. सोलताना ती कुणाकडे बघत नाही, अंगठाच चालतो.

आमचे नगरसेवक पुन्हा उभे होते. प्रचाराच्या रीलसाठी तिच्यापुढे उकिडवे बसले. ताडगोळा खाऊन हसायचं, एवढंच काम. तेही दोनदा बिघडलं. कॅमेरावाला ओरडला, "रीटेक!"

तिचा अंगठा थांबला. "मला पण रीटेक पायजे, दादा. गेल्या पाच वर्षांचा."

संध्याकाळी रील आली. तिचे ओठ हलत होते, वर गाणं चढवलेलं. सवयीने मी लाईकही करून बसलो.

दुसऱ्या दिवशी ती रील तिला दाखवली. सोलता सोलताच म्हणाली, "आवाज बंद केलाय त्यांनी. माझं तोंड नाय."