ताटाच्या दृश्यासाठी उमरेडला

ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच्या एका हिवाळ्यात मी आणि माझा मित्र मधुकर यांनी माझ्या आजारावर एक लघुपट करायचे ठरवले. आजार असा, की भूक लागते, अन्न आवडते. पण कोणी पाहत असले की घास उतरत नाही, आणि न जेवल्याचा एक विचित्र अभिमान वाटतो. चौदाव्या वर्षी त्याने मला अंथरुणाला खिळवले. प्राध्यापक झाल्यावरही तो गेला नव्हता. फक्त शिस्तीत राहायला शिकला होता. ‘पोरगं जेवत नाही’ याखेरीज आमच्याकडे त्याला नाव नव्हते, म्हणूनच तो दाखवायचा होता.

मधुकरकडे आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता. हौशी वाचकांसाठी सांगतो: त्याच्या एका रिळात जेमतेम तीन मिनिटे मावत, आवाज नोंदवला जात नसे आणि चुकलेले पुसता येत नसे. तेव्हा आधी जागा पाहावी, मग प्रकाश, आणि शेवटी बटण दाबावे. माझी योजना एकाच दृश्याची होती. भरलेले ताट, त्याची वाफ विरत जाते, आणि कोणीही जेवत नाही. जागा उमरेडच्या सरूआत्याचे स्वयंपाकघर, जिथे मी आजारपणाचे वर्ष काढले होते. तिने नकार दिला, तर लघुपट संपला. दुसऱ्या कुणाच्या घरात ते ताट माझे ठरले नसते.

नागपुरातल्या प्रतापनगरहून सकाळी निघून इतवारी स्टेशन गाठले. एस.टी. लवकर पोचवी, पण अरुंद रुळांची गाडी स्वस्त, आणि इतकी सावकाश की तुरीच्या शेतातल्या बायका काय बोलतात तेही ऐकू यावे. उन्हाचा त्रास नको असेल तर डबा पाहून नव्हे, सूर्य पाहून बाजू निवडा. मधुकरने वाटेत संत्री घेतली. मी त्याच्याकडे पाठ करून दोन फोडी खाल्ल्या. त्याने ते पाहिले नाही, असे दाखवले.

आत्या हातमागावर विणत होती. धोटा थांबवून तिने मला न्याहाळले.

“काहून गा, कॉलेजात जेवाले देत नाही का?”

मी योजना समजावून सांगितली, वर्गात समजावतो तशी, टप्प्याटप्प्याने. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“वाढलेलं ताट कोणी न खाता ठेवाचं? तसं ताट आपण पितरांच्या नावानं ठेवतो. तू जिता आहेस. माह्या घरात नाही जमत.”

मधुकर हळूच म्हणाला, “आत्याबाई, फक्त फोटोसाठी.”

“फोटोसाठी तू मरून दाखवशील का गा?”

मधुकर हसला आणि कॅमेरा पिशवीत ठेवू लागला. इतक्या वर्षांत मनात ते ताट रचताना मला हे सुचले नव्हते.

आत्या पुन्हा मागावर बसली. “तू इथं कसा बरा झाला, आठोते का? मान्सं पाहून राहिले, का तुह्या गळ्यात घास अडके. म्हणून मी भाकर तुह्यापाशी ठेवून इकडे तोंड करत होती. वळून पाहत नव्हती.”

“मी खाल्लं नसतं, तर?”

“मले काय माहीत? मी विणून राहिली होती.”

मधुकरने कॅमेरा पुन्हा बाहेर काढला आणि मागाकडे रोखला. खिडकीचे ऊन आत्याच्या पाठीवर आले होते. तिने चुलीवरून तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि भाकर आणून कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या हाताशी ठेवली आणि मागावर परत बसून, आमच्याकडे पाठ करून धोटा फेकला. मधुकरचा डोळा भिंगाला लागलेला. मला पाहणारे कोणी नव्हते. रीळ संपायच्या आत अर्धी भाकर संपली, उरलेली मी रीळ संपल्यावर खाल्ली.

परतीच्या गाडीत आम्ही जुनी योजना खोडली. रीळ धुऊन आल्यावर प्रतापनगरच्या माझ्या खोलीत भिंतीवर दाखवले. जेवणावरचा लघुपट म्हणून पाहायला आलेल्या शेजाऱ्यांनी विचारले, जेवण कुठे आहे? भिंतीवर एक पाठ, दोन हात आणि पुढे सरकणारे कापड, एवढेच होते. आजार मात्र माझ्याजवळच राहिला. पण प्रदर्शनापूर्वी मी त्या शेजाऱ्यांसोबत बसून जेवलो होतो, आणि कोणी माझ्याकडे पाहतो आहे का, हे पाहायचे विसरलो होतो.