काकांकडची खोली

आईला जाऊन पाच महिने झाले. तिची पत्रं मी वाचायला घेते आणि दोन-तीन झाली की ठेवून देते. त्यातली बरीचशी अर्धीच माझी आहेत. वरचा मजकूर मी अमेरिकेत ज्यांच्याकडे राहत होते त्या काकांना, खाली उरलेल्या जागेत मला. एका घरात परदेशी टपालाचे दोन एरोग्राम कशाला, असं तेव्हा ठरलं होतं.

आम्ही वाशीत नवे होतो. बाबा महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला अमेरिकेत जायचं होतं. मागवलेल्या माहितीपत्रकांपैकी ज्यांनी अर्जाचीच फी मागितली, ती विद्यापीठं बाबांनी पहिल्याच रविवारी बाजूला काढली. शेवटी दोन विद्यापीठांनी प्रवेश दिला. एकाचा विभाग मोठा, नावाजलेला. दुसरं मक्याच्या शेतांमधल्या लहानशा गावातलं. फीतली सवलत दोन्हीकडे सारखीच. पण त्या लहान गावात काका होते, बाबांचे आतेभाऊ.

काकांचं पत्र आलं. तळघरातली खोली रिकामीच आहे, खाण्यापिण्याचे पैसे काढलेत तर रागावेन, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी दोन ओळी होत्या. माझ्या आईला गिरगावात एकटं ठेवणं जिवावर येतं, काही दिवस तुमच्याकडे राहिली तर बरं होईल.

"काही दिवस म्हणजे किती?" आईनं कणीक मळता मळता विचारलं.

"काही दिवस म्हणजे काही दिवस," बाबा म्हणाले.

"तसं नाही, लिहिलंय का किती ते?"

"अगं, पोरगी दोन वर्षं त्यांच्या घरी राहणार, आणि आपण दिवस मोजत बसायचं?"

आईनं कणकेचा गोळा झाकून ठेवला.  मला मोठं विद्यापीठ हवं होतं, हे मी त्या संध्याकाळी म्हणायला हवं होतं.

मी निघायच्या आधीच काकांच्या आई, आमच्या आत्याआजी, ट्रंक घेऊन आल्या. आतली खोली त्यांना दिली. गिरगावची जागा काकांनी पत्रानंच मालकाला परत करून टाकली. तेव्हा वाशीत इमारती कमी आणि मोकळी जमीन जास्त होती. खिडकीतून बघून त्या म्हणाल्या, "कुठे आणून टाकलंत मला! भांडायचं म्हटलं तर आधी शेजारीण शोधून आणावी लागेल." आम्ही हसलो. आईसुद्धा हसली.

काकांचं घर विद्यापीठापासून लांब होतं. बस नव्हती. सकाळी काका मला गाडीनं सोडत आणि दुपारी घरी आणून परत कामावर जात. काकूही नोकरी करत. त्यांची दोन मुलं साडेतीनला शाळेतून येत. पहिल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "अर्धा तास थांबशील ना गं त्यांच्यापाशी? मी येतेच." त्यांना यायला रोज सात वाजत. मुलांचं खाणं, त्यांचा अभ्यास, मग पोळ्या. मला कुणी काम सांगितलं नाही. काकूंनी मला नवा कोट घेतला, काकांनी चांगले बूट. तक्रार करावी असं त्या घरात काहीच नव्हतं. दुपारची प्रात्यक्षिकं मात्र मला घेता येत नव्हती, आणि त्यांच्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. तळघराच्या खिडकीबाहेर काचेच्या वरच्या कडेपर्यंत बर्फ साचलेला असे.

दुसऱ्या सत्रात आमच्या प्राध्यापकांनी मला प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा देऊ केली. पूर्ण फी माफ आणि वर पगार. वेळ मात्र दुपार ते संध्याकाळ. विद्यापीठाजवळ तीन मुलींच्या बिऱ्हाडात एक खाटही रिकामी होती. विचार करायला एक महिना मिळाला. त्याच दिवशी जेवताना मी सांगितलं.

"अरे वा!" काका म्हणाले. "पण संध्याकाळचं कसं करायचं?"

"तिला आमच्यात करमत नसेल," काकू म्हणाल्या. "आम्ही काय, तिच्या त्या पुस्तकांसारखं बोलत नाही बाई."

काका हसले. "तू निघालीस तर मलाही आईचं काहीतरी बघावं लागेल. मग कुठल्या तोंडानं ठेवू तिला तुझ्या आईकडे?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण बघण्यासारखं काय होतं? गिरगावची जागा गेलेली, आणि बर्फात यायला आत्याआजी तयार नव्हत्या.

आईला विचारायचं तर कसं? माझी पत्रं आत्याआजी मोठ्यानं वाचून घेत. त्यात त्यांच्या मुलाची खबर असे. महिन्यातून एकदा काका तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावत. आत्याआजींचं बोलून झालं की शेवटचं मिनिट आमचं. इकडे काका शेजारी, तिकडे त्या.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मी पण. जेवतेस ना नीट?"

"हो."

त्या महिन्यात तर आईच एकटी खाली आली होती. "आत्याबाईंना जरा सर्दी झालीय," तिनं सांगितलं. त्या नाहीत तर आपल्याला बोलता येईल, असं मला वाटलं. पण काका फोनला कान लावून उभे होते.

मग मी बाबांच्या कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं आणि उत्तर विभागाच्या पत्त्यावर मागवलं. मुदतीला चार दिवस उरले असताना ते आलं. पूर्ण पान आईच्या अक्षरात, सगळं मलाच.

"तुझं पत्र ह्यांनी आणून दिलं. स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. आत्याबाई महिन्यापूर्वी मोरीत पडल्या. अंथरुणावरच आहेत. मुलाला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी. सगळं मीच करते. रागावतात खूप, मीही कधी कधी बोलते. पण त्या आता इथून कुठे जाणार नाहीत. तू त्या घरात राहिलीस तरी नाही, निघालीस तरी नाही. त्या इथेच राहतील, हे तुझ्या काकांना मी वेगळं लिहीन. तू नोकरी घे."

मी ते दोनदा वाचलं. मोरीत पडल्याचं वाचलं, अंथरुणाचं वाचलं, आणि त्याच दुपारी प्राध्यापकांना होकार दिला.

काकांनी मला सामानासकट नव्या जागेवर सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, "तुझ्या आईचं पत्र आलं." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी बाहेर बघत राहिले.

आत्याआजी त्यानंतर सहा वर्षं जगल्या. तेवढ्या वर्षांत आई एकदाही माहेरी राहायला गेली नाही, हे मला पुढे बाबांकडून कळलं. ती स्वतः कधी बोलली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, म्हणूनच बहुधा.

पदवी घेऊन मी घरी आले ती दुपारची वेळ होती. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत आई खाटेच्या कडेला बसून, आत्याआजींचं पाऊल मांडीवर घेऊन नखं काढत होती. मी बॅग टाकून तिच्याकडे धावले.

"थांब, उजेड अडवतेस," ती म्हणाली. "त्या हलल्या तर लागेल."

मी बाजूला झाले.

"कोण आलंय गं?" आत्याआजींनी विचारलं.

"आपलीच आहे," आई म्हणाली, आणि दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.