उपाशीपोटीची शुगर

मागच्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले होते. कारण काय, तर नवऱ्याची शुगर निघाली... अजून चाळिशीही गाठली नाही त्याने!

आम्ही राहतो नागपुरात, बेसाला. नवरा दोन वर्षांपासून एका कंपनीत रात्रपाळी करतो. दिवसा जाड पडदे ओढून झोपतो, पण नागपूरचं ऊन आणि भाजीवाल्याचा भोंगा त्याला झोपू देतील तर ना... पोट सुटलं, चिडचिड वाढली, म्हणून मीच मागे लागून रक्त तपासायला पाठवलं. उपाशीपोटी जा, हे दहादा बजावून.

रिपोर्ट आला आणि मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत बसले. त्याचे बाबा शुगरनेच गेले. सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. "काहून वं, माह्या पोराच्याच मागं काहून लागलं हे?" त्यांना समजावू की स्वतः रडू, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "रक्त द्यायच्या आधी शेवटचं कधी खाल्लं होतं?"

"सकाळपासून काहीच नाही खाल्लं ना मॅडम. ड्युटीवरून सरळ लॅबमध्ये गेलो."

"आणि ड्युटीवर?"

"तिथं पहाटे डबा खाल्ला. पण ते तर रात्रीचं जेवण झालं ना..."

अगं बाई! म्हणजे हा गृहस्थ पोटभर जेवून उपाशीपोटीचं रक्त देऊन आला होता. आणि चेहरा असा, जणू चूक लॅबवाल्यांचीच! हसू की दोन धपाटे घालू, असं झालं मला.

मग सुट्टी टाकली, रात्री झोपला, खरंच उपाशीपोटी जाऊन पुन्हा रक्त दिलं. काल रिपोर्ट आला. शुगर नाही! अगदी काठावर आहे, पण नाही.

डॉक्टरबाईंनी खडसावलं मात्र. शरीराला रात्र म्हणजे रात्रच कळते, तेव्हा खाल्लेलं त्याला नीट झेपत नाही. अवेळी जेवण आणि अर्धवट झोप अशीच चालली, तर पुढच्या वेळी खरंच शुगर निघेल म्हणाल्या. नवऱ्याने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि दिवसपाळी मागून घेतली. पगार थोडा कमी होईल... होऊ दे.

काल तो आमच्यासोबत जेवला आणि टीव्ही बघता बघता सोफ्यावरच घोरायला लागला. त्याच्या घोरण्याचा मला भारी राग. काल मात्र टीव्ही बंद केला आणि शेजारी बसून ऐकत राहिले... देवा, असाच घोरू दे याला वर्षानुवर्षं.