करंडक आधी मिळाला, डाव नंतर खेळले

जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी मी न खेळता जिंकले. घाटनांदूरचे दगडूबा, शेळ्या राखणारे, पाच वेळा जिल्ह्यात पहिले आलेले, त्या दिवशी आलेच नाहीत. वेळ संपली, पंचांनी मला पुढे चाल दिली आणि करंडक हातात ठेवला.

आष्टीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. शेजारच्या मेडिकलवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकांसमोर हाक मारली, "काय फुकटच्या चॅम्पियन, चहा घेता का?" चहा घेतला, पण करंडक कपाटात साड्यांखाली गेला. आठ दिवस नुसती धुमसत होते. नवव्या दिवशी पहाटे दुकानाला कुलूप लावलं आणि पट पिशवीत घातला. दगडूबांसमोर बसून खेळल्याशिवाय हा करंडक मला माझा वाटणार नव्हता.

आष्टीहून घाटनांदूरला जाणाऱ्यांनी थेट गाडीची वाट पाहू नये. जामखेडला बदला, पुढे मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, आणि तिथून घाटनांदूर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, कंबरेला मात्र पूर्ण भरावं लागतं. मांजरसुंब्याला ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. ठेचा मागवणार असाल तर तांब्या आधी भरून घ्या. समोरच्या ट्रकवाल्याने पिशवीतला पट पाहून विचारलं, "ताई, लेकरासाठी घेतला का?" "माझ्यासाठी," म्हणाले. तो पुन्हा भाकरी मोडायला लागला.

घाटनांदुरात दगडूबांचं घर कुणीही दाखवतं. ते लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होते. मी कोण ते सांगितल्यावर हात पुसत म्हणाले, "त्या दिशी शेळी विताना अडली व्हती, ताई. तिला सोडून कसं येनार?" मग माझ्या पटाकडे बघून, "खेळू की. पन हितं आमच्या रीतीनं. प्यादं सुरवातीलाबी एकच घर सरकतं. आन् पल्याड ज्याच्या घरात पोचंल, तेच मोहरं हुतं. चालंल?"

"चालंल," मी म्हणाले. यायचं मी ठरवलं होतं, तर रीत त्यांची.

चार-सहा माणसं जमली. दोन तास डाव चालला आणि मी चक्क वरचढ होते. माझं प्यादं घोड्याच्या घरात शेवटच्या ओळीत पोचलं आणि स्पर्धेतल्या सवयीने मी वजीर उचलून मांडला. बघणारे हसले. एक म्हातारे म्हणाले, "घोडा हुतो बाई, घोडा."

दगडूबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. ताईंचा हात तसाच बसलाय. वजीर घ्या."

माझं डोकंच फिरलं. एकदा फुकट मिळालं म्हणून तर मी इतक्या गाड्या बदलून आले होते. "न्हाई. घोडाच," म्हणाले आणि वजीर उचलून पिशवीत टाकला.

घोड्याने मी जीव तोडून खेळले. पण त्यांचं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं आणि थोड्याच चालींत मात झाली. वाईट वाटलं, लई वाटलं. चहा देताना दगडूबा म्हणाले, "तुमी वजीर मांडला तवा मी हरल्यातच जमा व्हतो."

"पुढच्या साली अंतिम फेरीला या. शेळीला कुनाजवळ तरी ठेवा."

"येतो की," ते म्हणाले.

अंबाजोगाईला साध्या लॉजवर मुक्काम केला. उलट्या वाटेने दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान उघडलं. साड्यांखालचा करंडक काढला, पुसला आणि रस्त्यावरून दिसेल असा काउंटरवर दोऱ्याच्या रिळांशेजारी ठेवला.

मेडिकलवाले आलेच. "जिंकलात वाटतं?"

"हरले."

"मग वर मांडता कावून?"

"पुढच्या साली दगडूबा ह्यो खेळून न्यायला येनार हायेत," मी मशीन सुरू करत म्हणाले. "कुनाच्या हातून न्यायचाय, ते साऱ्यांना दिसू द्या."