साष्टांग नमस्काराची धास्ती

दिवाकर पोतनीसांना घाबरलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बिजली ऑफिसात होते तेव्हा बाहेर लोक नारेबाजी करत असले, तरी आत हा माणूस शांतपणे पोहे खात बसायचा. निवृत्तीनंतर बडा गणपतीच्या देवळाजवळच्या घरात रोज आंघोळ, पूजा आणि देवघरासमोर साष्टांग नमस्कार. तोही अर्धामुर्धा नाही. पोट, छाती, कपाळ सगळं फरशीला टेकवून. यंदाच्या थंडीत त्या नमस्कारातच भीतीनं त्यांना गाठलं.

पोट फरशीला टेकलं की छाती धडधडायला लागायची. बनियन घामानं भिजायचं, डोकं ठणकायचं, तोंड पांढरंफटक पडायचं आणि आता आपण संपलो, अशी खात्रीच पटायची. थोड्या वेळानं सगळं ओसरलं की पंच्यानं तोंड पुसून ते चहाला हजर. बायकोला, सरलाताईंना, चकार शब्द सांगितला नाही.

सांगणार काय? कारण त्यांच्या मते उघड होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या दहा दिवस बसणारा गणपती या भाद्रपदात त्यांनी दीड दिवसावर आणला होता. लेक निधी नोकरीसाठी बाहेरगावी, सरलाताईंचे गुडघे दुखणारे, रोजचा नैवेद्य करणार कोण? निर्णय शहाणपणाचाच होता, पण ज्याला आपण लवकर वाटेला लावलं, तो आता आपल्याला पायाशी येऊ देत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा खजरान्याच्या गणपतीच्या देवळात जाऊन त्यांनी गर्दीत उभ्यानंच हात जोडले, तर काहीच झालं नाही. म्हणजे राग फक्त घरच्या गणपतीचा, असं गणित या भल्या माणसानं बसवलं!

मग चपलेचा पट्टा लावायला वाकले तरी भीती यायला लागली. देव पाठीशीच लागलाय म्हटल्यावर झोप उडाली. तरी नमस्कार सोडायची हिंमत होईना. सोडला तर आणखी राग ओढवायचा.

एका सकाळी सरलाताई फुलं घेऊन आल्या, तर नवरा देवासमोर पालथा, घामाघूम आणि कागदासारखा पांढरा. त्यांच्या हातून फुलांची परडी पडली. त्याच दिवशी त्यांनी पोतनीसांना डॉक्टर देवयानींकडे ओढत नेलं. सरलाताईंच्या स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्या तिथूनच चालू होत्या. दुसरं कोणी त्यांना सुचलंच नाही.

गॅसेस आहेत, असं सांगून पोतनीस मोकळे झाले. देवयानींनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला, त्यांना आडवं केलं आणि पोट दाबून पाहिलं. डाव्या बाजूला हात गेला मात्र, तीच भीती उसळून आली. इथे तर समोर देव नव्हता. भिंतीवर गळ्यातल्या ग्रंथीचं चित्र तेवढं होतं. बीपीचा आकडा पाहून देवयानींनी हात झटकन उचलला. पोतनीसांच्या तोंडून दीड दिवसाच्या गणपतीची सगळी हकिकत बाहेर पडली.

"तुम्ही मला सांगून का नाही राहिले इतके दिवस?" सरलाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

देवयानी हसल्या नाहीत. लघवीची तपासणी झाली, स्कॅन झाला, मग त्यांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते, अ‍ॅड्रिनल. अशा ग्रंथींना नळी नसते. त्यांचा रस, म्हणजे हार्मोन, थेट रक्तात उतरतो आणि अंगभर पोचतो. थायरॉइडचा रस शरीराच्या कामाचा वेग सांभाळतो. अ‍ॅड्रिनलचा एक रस संकटाचा. कुत्रा अंगावर आला की मेंदू हुकूम देतो, ग्रंथी रस सोडते, काळीज धावतं, माणूस पळतो. पोतनीसांच्या डाव्या ग्रंथीत गाठ झाली होती. ती हुकमाची वाट पाहत नव्हती. पोट दाबलं गेलं की रस सोडून मोकळी. कुत्र्याचा पत्ता नाही आणि भीती मात्र अस्सल.

देव रागावलेला नाही, हे ऐकून पोतनीसांना रडू आलं. पण ते समाधान दारापर्यंतही टिकलं नाही. गाठ काढावी लागणार होती आणि काढताना तिला धक्का लागला, तर ती सगळा रस एकदम ओतू शकत होती. म्हणून आधी काही दिवस रक्तदाब आवरणाऱ्या गोळ्या आणि वाकायला सक्त मनाई.

गोळ्यांनी झटके थांबले. ऑपरेशनच्या सकाळी मात्र स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांची छाती धडधडायला लागली, तळवे ओले झाले. त्यांनी देवयानींना जवळ बोलावलं.

"मॅडम, ही भीती पण त्या गाठीचीच का?"

देवयानींनी नाडी धरली, बीपी पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"नाही काका, बीपी ठीक आहे. ही तुमची स्वतःची."

पोतनीसांनी नर्सेसच्या देखत सरलाताईंचा हात घट्ट धरला.

"सरला, मला खूप भीती वाटून राहिली आहे."

"मला पण," त्या म्हणाल्या. स्ट्रेचर हललं, तशा दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दारापर्यंत बरोबर चालत गेल्या.